जपानी तलवारींची पारख आणि मासामुनेचा वाद

लेखावरील नाव व मिती यांवर विसंबून त्याचा काळ ठरविण्याचा मोह किती घातक असतो, हे बनावट ताम्रपटांच्या व सनदांच्या अनुभवाने आपल्याकडील इतिहासाभ्यासकांस पुरते ठाऊक झालेले आहे. जुन्या जपानी तलवारींच्या बाबतीत हा मोह अधिकच बळावतो. कारण पात्याचा जो भाग मुठीत जातो, आणि ज्यास जपानी भाषेत 'नाकागो' म्हणतात, त्यावर पुष्कळदा लोहाराचे नाव कोरलेले असते. नवशिका संग्राहक मूठ काढून प्रथम तेच वाचतो. मुरलेला पारखी मात्र ते सर्वांत शेवटी वाचतो. किंबहुना जपानमध्ये परीक्षकांच्या ज्या बैठका भरतात, त्यांत नाकागो झाकून ठेवण्याची रीत आहे. उघड्या पात्यावरून लोहार ओळखावयाचा, आपले मत चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे, आणि मगच नाव पाहावयाचे.

पाते स्वतःविषयी बरेच काही सांगते. घोडेस्वाराची 'ताची' ही धार खाली करून कमरेस लटकविली जाई. तिचा बाक बहुधा मुठीजवळ असतो. इ. स. १३३६ ते १३९२ या दोन राजदरबारांच्या काळात पाती अतिशय लांब व रुंद झाली. पुढे पायदळाची लढाई वाढली, तेव्हा धार वर करून कमरपट्ट्यात खोवण्याजोगी आखूड तलवार रूढ झाली. ताची असो वा कमरपट्ट्यातील तलवार असो, नाव सामान्यतः बाहेरच्या अंगास कोरीत. धारेची दिशा पालटल्यामुळे तेच अंग पात्याच्या दुसऱ्या बाजूस येते. सुमारे १५९६ पूर्वीच्या पात्यांस 'कोतो' व त्यानंतरच्यांस 'शिन्तो' म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस जुन्या पद्धतींच्या पुनरुज्जीवनाचा जो प्रयत्न झाला, त्यातील पाती तिसऱ्या वर्गात पडतात.

आकारानंतर पाहावयाचे ते पोलाद. घडी घालून पुन्हा पुन्हा ठोकल्यामुळे त्यावर लाकडाच्या रेषांसारखी वीण उमटते. पाणी देण्यापूर्वी पात्यास मातीचा लेप देतात, तो धारेकडे पातळ व पाठीकडे जाड असतो. त्यामुळे धार कठीण होते, आणि दोन्ही भागांच्या सीमेवर 'हामोन' नावाची पांढुरकी रेषा दिसू लागते. तिच्यातील स्फटिक सुटे चमकतात की धुक्यासारखे एकवटतात, आणि टोकाशी ती कशी वळते, यावर घराण्याचा निर्णय बराचसा अवलंबून असतो. नाव कोणासही छिन्नीने कोरता येते. हामोन तसा कोरता येत नाही.

येथपर्यंत ही परीक्षा सुलभ वाटेल. खरी अडचण पुढे आहे. युद्धपद्धती बदलल्यावर असंख्य जुन्या ताची आखूड करण्यात आल्या, आणि त्या टोकाकडून नव्हे तर मुठीकडून कापल्या गेल्या. त्यामुळे मूळ नाव गेले. क्वचित कोणी ते दुमडून किंवा कापून पुन्हा जडवून राखले. बहुतेकांनी राखले नाही. परिणामी अनेक उत्कृष्ट पाती निनावी आहेत, तर सामान्य पात्यांवर थोर लोहारांची खोटी नावे सर्रास आढळतात. नाकागोवरील गंजाचा रंग, कानशीच्या खुणा व खुंटीची भोके हीच मग उरलेली साक्ष. हौशी मालक जेव्हा तो गंज घासून 'स्वच्छ' करतो, तेव्हा तो शतकांचे दप्तर जाळीत असतो.

हीच पोकळी होनआमी घराण्याने भरून काढली. हे मूळचे शिकलगार व पारखी. हिदेयोशीच्या आश्रयाने होनआमी कोतोकु यांच्या काळी त्यांच्या निर्णयास अधिकृत मान मिळाला. ते घडीच्या कागदावर प्रमाणपत्र देत व त्यात तलवारीचे मोलही नमूद करीत. निनावी नाकागोवर लोहाराचे नाव सोन्याने जडविण्याचीही चाल होती. शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून १७१९ साली या घराण्याने नामांकित तलवारींची यादी तयार केली. तीत चौदाव्या शतकाच्या आरंभीचा सागामी प्रांतातील लोहार मासामुने यास मानाचे स्थान आहे. परंतु त्याच्या म्हणून मानलेल्या लांब तलवारी जवळजवळ सर्व निनावी आहेत, आणि नाव असलेले खंजीर बोटांवर मोजण्याइतके.

यावरूनच १८९६ साली इमामुरा चोगा यांनी वृत्तपत्रातून खळबळजनक शंका उपस्थित केली. असा थोर लोहार झालाच नाही. सरदारांस बक्षीस देण्याजोग्या वस्तू हव्या होत्या म्हणून हिदेयोशीच्या काळी हे नाव फुगविण्यात आले, असा त्यांचा रोख होता. हे मत हसण्यावारी नेण्याजोगे खचित नव्हते. प्रमाणपत्र देणारा आश्रयदात्यावर अवलंबून असेल, तर त्याची साक्ष तपासूनच घेतली पाहिजे. तथापि क्योतोच्या तोजी मठातील कांचीइन येथे राहिलेल्या, १४२३ साली नकललेल्या एका लोहारनामावळीत मासामुने आहे, आणि तिच्यातील काही मजकूर १३१६ च्या सुमाराचा असल्याचे अंतर्गत पुराव्यावरून दिसते. हिदेयोशीचा जन्म सोळाव्या शतकातला. तेव्हा नाव त्याच्या दरबारात जन्मास आले, हा पक्ष टिकत नाही. परंतु माणूस होता हे सिद्ध झाल्याने अमुक पाते त्याचे, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी नोरिशिगे, हिरोमित्सु अशा त्याच्या परंपरेशी जोडल्या गेलेल्या लोहारांची नाव असलेली पाती शेजारी ठेवूनच तुलना करावी लागते. आमच्या मते इमामुरांचा निष्कर्ष चुकला. त्यांचा प्रश्न मात्र प्रत्येक पात्यापुरता आजही उभा आहे.

१८७६ च्या आज्ञेने सर्वसामान्यांस तलवार बाळगून हिंडण्याची बंदी झाली, आणि कितीतरी जुनी पाती बाजारात आली. त्याहून मोठे संकट १९४५ चे. विजयी सैन्याने सरसकट शस्त्रे जमा करण्यास प्रारंभ केला, तेव्हा लष्करी कारखान्यातील पाते व सातशे वर्षांचे पाते यांत भेद करणारे फार थोडे होते. जपानी तज्ज्ञांच्या खटपटीने १९४६ मध्ये कलामूल्य असलेल्या तलवारींस सूट मिळाली. १९४८ साली स्थापन झालेली तलवार-रक्षण संस्था आज प्रमाणपत्रे देते.

सूट मिळण्यापूर्वीच, १९४५ च्या डिसेंबरात, तोकुगावा घराण्याने आपल्या तलवारी तोकियोतील मेजिरो पोलिसठाण्यात जमा केल्या होत्या. त्यांत १९३९ साली राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेली 'होन्जो मासामुने' होती. ती पुढे कोणाच्या हाती गेली याचा निश्चित पत्ता लागलेला नाही. तीही आखूड केलेली व निनावी. उद्या ती कोठे सापडलीच, तर तिची ओळख पटविण्यास नाव उपयोगी पडणार नाही. जुन्या नोंदींतील मापे, कागदावर उतरवून ठेवलेला तिचा हामोन व नाकागोवरील खुणा यांचाच आधार घ्यावा लागेल. दरम्यान कोणी ती उजळून घेताना नाकागोही घासून काढला असेल, तर त्यांतील एक साक्ष कायमची गेली.