हॉल कोणाचा? आपल्या घरांतल्या आवाजाचा थोडा इतिहास

स्मरणिका समितीची मंडळी आली तेव्हा म्हणाली, "काका, तुम्ही बँकेतले. सोसायटीच्या २५ वर्षांच्या जमाखर्चावर काहीतरी लिहा." मी हात जोडले. जमाखर्च दरवर्षी सर्वसाधारण सभेत वाचला जातो आणि तो किती जण ऐकतात हे आपण सगळे जाणतो. मग आतून हिचा आवाज आला, "त्यांना त्यांच्या स्पीकरवर लिहू द्या, आणि माझी बाजूही लिहायला सांगा." तेव्हा हा लेख दोघांच्या संमतीने लिहिलेला आहे. मसुदा तिने वाचला आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्तीही केली आहे.

रेकॉर्ड, कॅसेट, अॅम्प्लिफायर, स्पीकर यांचा मला जवळजवळ ५० वर्षांचा नाद. लग्नालाही तेवढीच वर्षं होत आली. नाद आणि संसार एकाच हॉलमध्ये नांदले. हे भांडण आमच्याच घरातलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. निवृत्तीनंतर वाचन वाढलं तेव्हा कळलं, की वाजणारं यंत्र घरात आलं तेव्हापासून हा प्रश्न आहे.

हिंदुस्थानात रेकॉर्डिंगची पहिली मोठी मोहीम १९०२ साली कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने तेव्हा गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरवलं. आपल्याकडच्या पांढरपेशा घरांतल्या बायकांना त्या काळी बैठकीला जायची सोय नव्हती. गाणाऱ्या बाईचं नाव घरात काढणंही बरं दिसत नसे. चावीच्या फोनोने ही भिंत ओलांडली. बैठक घरात आली, आणि माजघराच्या दाराआड बसून का होईना, बायका ऐकू लागल्या. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून, समोर बसून गायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी घराघरांत कान तयार करण्यात तबकडीचाही हात असणार, असं माझं आपलं मत आहे.

या फोनोला वीज लागत नसे, हे आपल्या भागासाठी महत्त्वाचं. लोणावळा, वळवण, शिरोता या धरणांचं पाणी खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ साली वीज तयार केली. ती गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. धरणं मावळात आणि उजेड मुंबईत, असा तो व्यवहार होता. खेड्यापाड्यांत वीज यायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. चावी दिली की फोनो मात्र कुठेही वाजत असे, एका बाजूला साधारण तीन-चार मिनिटं.

पण त्याचा तो कर्णा! दिसायला मोठा, धूळ धरणारा, येता-जाता पदर अडकेल असा. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीला हे बरोबर उमगलं. १९०६ साली त्यांनी व्हिक्ट्रोला नावाचं यंत्र काढलं. त्यात कर्णा लाकडी कपाटाच्या पोटात लपवला होता आणि पुढे दारं होती. दारं उघडली की आवाज मोठा, लोटली की लहान. यंत्र फर्निचरसारखं दिसू लागलं आणि दिवाणखान्यात बिनविरोध शिरलं. पुढचे रेडिओग्रामही त्याच घराण्यातले. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, शंभर वर्षांपूर्वी कंपनीला कळलं होतं."

नंतर रेडिओ आला. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला. त्या काळी रेडिओला लायसन लागे. पोस्टात जाऊन वर्षाचे १५ रुपये भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचा. आमच्याकडे ते काम वडिलांचं, कारण कागदोपत्री रेडिओ त्यांचा. प्रत्यक्षात वडील कामावर गेले की रेडिओ आईचाच. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे केंद्रावरून गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण सुरू झालं. शुक्रवारी सकाळी नवं गाणं, अशी वर्षभरात ५६ गाणी. मी तेव्हा पाच वर्षांचा, त्यामुळे मला एवढंच आठवतं की त्या वेळात स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत नसे. रेडिओला हार घालणारी घरंही होती म्हणतात. आमच्याकडे हार नव्हता, क्रोशाचा रुमाल होता.

त्या रुमालाकडे मी बरीच वर्षं चुकीच्या नजरेने पाहत होतो. रेडिओवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, पुढे टीव्हीवर रुमाल. मला वाटायचं, ही नुसती हौस. आता वाटतं, ती बाईची सही होती. वस्तू नवऱ्याने आणली, पैसे नवऱ्याने मोजले, पण माझ्या घरात ती राहणार ती माझ्या रुमालाखाली.

माझा स्वतःचा नाद सुरू झाला तो नोकरी लागल्यावर, सत्तरच्या दशकात. शनिवारी अर्धा दिवस बँक असे. ती आटोपली की बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत जायचं. ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, स्पीकरचे कोन घ्यायचे, आणि सुतारापुढे बसून पेटी करून घ्यायची. मुंबईची फेरी झाली तर लॅमिंग्टन रोड ठरलेला. तोवर स्टिरिओचं वेड आपल्याकडे पोहोचलं होतं. स्टिरिओच्या रेकॉर्ड १९५८ पासून परदेशात बाजारात आल्या, आणि एका पेटीच्या दोन पेट्या झाल्या. म्हणजे घरातला प्रश्नही दुप्पट झाला. तिकडे अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ सालीच बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून मोठा खर्ज काढून दाखवला होता. कपाटाएवढे स्पीकर पुस्तकांच्या फळीवर येऊ शकले ते त्यामुळे. संसारी माणसांनी त्यांचे आभार मानायला हवेत. पुढे त्याच देशातल्या नादिष्टांनी 'बायकोला पटेल की नाही' हे मोजायला एक विनोदी शब्दही काढला. मला तो आवडत नाही. त्यात बायको म्हणजे कस्टमची चौकी आणि आपण स्मगलर, असा भाव आहे.

तसा मीही वागलो. हा भाग लिहू की नको असं हिला विचारलं, ती म्हणाली, लिहा.

साल १९८५. मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. एल.एफ.सी.वर रामेश्वर-कन्याकुमारी करायचं ठरलं होतं. हिच्या आईला आमच्या खर्चाने बरोबर न्यायचं होतं. हिने यादी केली होती, आईला पत्र गेलं होतं, आईने तिकडे शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं. त्याच सुमारास पुण्यात एका गृहस्थांकडे परदेशी टर्नटेबल आणि अॅम्प्लिफायर विकायला निघाले. मी एल.एफ.सी.चे पैसे रोख घेतले, वर फेस्टिव्हल अॅडव्हान्स काढला, आणि रिक्षातून दोन खोकी घेऊन घरी आलो. "पुढच्या वेळी नक्की जाऊ," म्हणालो. ती काही बोलली नाही. यादी मात्र कित्येक वर्षं तिच्या पत्र्याच्या पेटीत होती, मला एकदा दिसली. दीड वर्षाने आई गेल्या. त्या टर्नटेबलवर मी खूप गाणं ऐकलं, आणि ते उत्तम वाजत असे. पण ही त्या खोलीत येऊन बसत नसे. "तुमचं यंत्र" हा शब्द तेव्हापासूनचा. आधी ती "आपला रेकॉर्ड प्लेअर" म्हणायची.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं आम्ही इथे लोणावळ्यात जागा घेतली. बिल्डरने हॉलचा ताबा दिला तेव्हा मी रिकाम्या खोलीत स्पीकर लावले आणि हताश झालो. नुसती फरशी, नुसत्या भिंती. टाळी वाजवली तरी घुमत होती. रेकॉर्ड लावली तर तबला भांड्यासारखा वाजायचा. मी महागडे उपाय शोधत राहिलो. हिने आपल्या मनाने जाड पडदे शिवून घेतले, सतरंजी अंथरली, सोफा आणला, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं. हे सगळं तिने पाहुण्यांसाठी आणि हळदीकुंकवासाठी केलं. आवाज आपोआप सुधारला. कापड आणि गादी वरच्या पट्टीचे सूर शोषून घेतात, पुस्तकांचं कपाट आवाज मोडतं, हे मी वाचलेलं होतं. पण हिचे पडदे म्हणजेच तो उपाय, हे डोक्यात आलं नव्हतं. जो हॉल मी पंधरा वर्षं मागत होतो तो तिने मला मागणी मान्य न करताच दिला.

स्पीकर कोपऱ्यात ठेवायचे, ही तिची अट. कोपऱ्यात खर्ज फुगतो, म्हणून मला ते भिंतीपासून दोन फूट पुढे हवे होते. शेवटी ठरलं असं: रोज कोपऱ्यात, आणि मी ऐकायला बसलो की पुढे ओढायचे. त्यासाठी खाली फेल्टचे तुकडे चिकटवले. डाव्या स्पीकरवर क्रोशाचा रुमाल आहे. तो काढायचा नाही.

लोणावळ्याचा पाऊस हा तिसरा पक्ष. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे रेकॉर्डच्या खोबणीत आणि कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरायला दोन आठवडे पुरतात. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या बऱ्याच कॅसेट गेल्या. हिने कपाटाच्या तळाशी एक बल्ब लावला. पापड, लोणची आणि रेशमी साड्यांसाठी तिची आई हेच करायची. उबेने ओल धरत नाही. आता वरच्या दोन फळ्यांवर रेकॉर्ड आणि खालच्या दोनवर पैठण्या, एकाच बल्बच्या उबेला.

आता शेजारधर्माविषयी. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली आणि ध्वनिप्रदूषणाचे केंद्र सरकारचे नियमही त्याच वर्षीचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५. याच नियमांमुळे पुढे सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभराच्या मैफिली आटोपत्या घ्याव्या लागल्या, तिथे माझ्यासारख्याची काय कथा. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्याला दहापट शक्ती लागते. भिंती आणि स्लॅब बारीक आवाज अडवतात, खर्ज अडवत नाहीत. त्यामुळे मला किशोरीताई ऐकू येतात तेव्हा खालच्या मजल्याला फक्त धप धप ऐकू जातं. २००४ च्या सभेत हा विषय निघाला होता, इतिवृत्तात आहे. तक्रार करणारे गृहस्थ आता माझे रविवारचे श्रोते आहेत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पाहुण्यांना स्पीकरचा गोडवा समजावून सांगत होतो. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, डावीकडून झांजा येत नाहीत." मी हसून टाळलं. रात्री कान लावून पाहिलं तर काहीच समजेना. मेकॅनिकने पेटी उघडली. डावा ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जळालेला. किती महिने जळलेला असेल कोण जाणे. मी मात्र रोज त्याची तारीफ करत होतो.

पुण्यात कान तपासून घेतले. आलेख उजवीकडे उतरत गेला होता, घाटातून खोपोलीला उतरावा तसा. वयाने वरचे सूर आधी जातात, आणि स, श, फ ही अक्षरं पुसट होतात. ही स्वयंपाकघरातून काय बोलते ते मला समजत नाही म्हणून मी तिला "हळू बोलतेस" म्हणायचो, आणि ती मला "आवाज कमी करा" म्हणायची. मी आवाज का वाढवतो आहे, ते दोघांनाही कळलेलं नव्हतं. तिचे कान अजून शाबूत आहेत.

तेव्हापासून आवाजाचं बटण तिच्या हातात आहे. ट्वीटर बदलला तेव्हा दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हेही तिनेच ऐकून सांगितलं. त्या निमित्ताने ती खुर्ची ओढून बसली आणि पूर्ण बाजू ऐकून उठली. माणिक वर्मांची रेकॉर्ड होती. १९८५ नंतर असं पहिल्यांदा झालं. मी काही बोललो नाही. गेल्या डिसेंबरात रामेश्वर करून आलो, दोघंच. यादी तिने पर्समध्ये घेतली होती.

रविवारी सकाळी दहा ते बारा आमचं दार उघडं असतं. कोणाला यायचं असेल तर जरूर या. काय लावायचं ते ही ठरवते, चहा मी करतो. फक्त येताना छत्र्या बाहेर ठेवा. कपाटाशेजारी ओल चालत नाही.