ग्रामदैवत आणि बदलता काळ

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होऊन ही स्मरणिका आपल्या हाती येत आहे, ही समस्त ग्रामस्थांच्या व देणगीदारांच्या आनंदाची गोष्ट आहे. या शुभप्रसंगी एका प्रश्नाचा विचार करणे उचित ठरेल. विज्ञान घरोघर पोहोचले, तरी आपली देवळे ओस का पडली नाहीत?

नीरेकाठचे आपले शिरवळ फार जुने. जवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. १६४८ च्या सुमारास येथील सुभानमंगळ गढीसाठी शिवरायांचे मावळे लढले. राज्ये आली आणि गेली, गावाची श्रद्धा टिकून राहिली. पूर्वी ती शेतीशी आणि बलुत्याशी बांधलेली होती. गुरवाने पूजा करावी, कुंभाराने पणत्या द्याव्यात, परटाने पायघड्या घालाव्यात, मातंगांनी वाजंत्री वाजवावी, अशी गावोगावची रीत असे. ज्यांच्या वाजंत्रीवाचून पालखी हलत नसे, त्यांनाच कित्येक गावी देवळाची पायरी चढू देत नसत, हेही येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

श्रद्धा केवळ भीतीपोटी असते, असे पुष्कळ विद्वान मानीत. तसे असते, तर भीतीचे कारण सरताच ती सरली असती. आपल्या भाषेत एका भयंकर रोगालाच ‘देवी’ म्हणत. घरात कोणाला देवी आल्या की दारी कडुनिंबाचा डहाळा लागे आणि मातेची ओटी भरली जाई. पुढे गावोगाव टोचणीची मोहीम झाली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, पण देवीच्या यात्रा थांबल्या नाहीत. उलट १९४८ साली एस.टी. सुरू झाल्यावर आणि रस्ते झाल्यावर त्या अधिकच भरू लागल्या.

याचे मर्म फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम यांनी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे. माणसे एकत्र जमतात तेव्हा आपण एक आहोत हा अनुभव त्यांना येतो, आणि धर्माचे बळ त्या अनुभवात असते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. मुंबई-पुण्यास नोकरीला गेलेला माणूस रजा काढून जत्रेला का येतो, हे यावरून उमगते.

मात्र जमणारा समाज अपुरा असेल, तर हे बळही अपुरे राहते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. ही दारे केवळ काळ बदलला म्हणून उघडली नाहीत, त्यासाठी माणसांना झिजावे लागले.

तसेच, नुसती गर्दी जमणे म्हणजे समाज जमणे नव्हे. आपल्या शेजारच्या वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी, काळूबाईच्या यात्रेत, अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि चेंगराचेंगरी यांमुळे सुमारे ३०० भाविकांचे प्राण गेले. दुकानांना आग लागून अनर्थ अधिकच वाढला. वाहने वाढल्याने भाविक वाढले, पण वाट जुनीच राहिली होती. भाविकाच्या जिवाची काळजी हीसुद्धा देवाची सेवाच होय, हा धडा आपल्या भागाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

आज पुणे-सातारा हमरस्ता आणि औद्योगिक वसाहत यांमुळे शिरवळात दूरदूरची माणसे पोटापाण्यासाठी येऊन राहिली आहेत. त्यांना गावकी नाही, भावकी नाही. गावच्या उत्सवात त्यांना हाक मारली, तर ती आपली होतील. नाहीतर शेजारी राहूनही परकीच राहतील. पालखीच्या मानावरून रुसवेफुगवे न होता, बायाबापड्यांना विनासायास दर्शन घडावे. उत्सवाचा हिशेब दरसाल गावापुढे वाचला जावा. ज्याने हजारो रुपये दिले आणि ज्याने चार दिवस अंगमेहनत केली, त्या दोघांनीही एकाच पंगतीस बसावे.

जीर्णोद्धार दगडचुन्याचा झाला. गावाच्या एकीचाही व्हावा, हीच ग्रामदैवताच्या चरणी नम्र प्रार्थना.