असह्य आणि सोसवेना

जबलपूरलगतच्या खमरियात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांची वसाहत वाढली. अशा वसाहतीत हुकूम आणि नियम इंग्रजीत, बाजार हिंदीत, आणि ज्या घरांचे मूळ नागपूर-वऱ्हाडाकडचे त्यांचे स्वयंपाकघर मराठीत, अशी भाषांची वाटणी सहज होऊन जाते. जबलपूरला ही वाटणी नवी नव्हती. 1817 पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्यप्रांतात, आणि 1956 पर्यंतच्या जुन्या मध्यप्रदेशातही, हिंदी व मराठी एकाच राज्यात नांदल्या. त्या प्रदेशातील ज्येष्ठाचे ऊन प्रसिद्धच आहे. त्या उन्हाविषयी हिंदी घर म्हणते, ‘गर्मी सही नहीं जाती’. मराठी घर म्हणते, ‘उकाडा सोसवत नाही’. इंग्रजी मात्र दिवस ‘अनबेअरेबली’ तापला आहे असे सांगून मोकळी होते. पहिल्या दोन वाक्यांत असह्यता क्रियापदात आहे. तिसऱ्यात ती क्रियाविशेषणात आहे. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे, आणि इंग्रजीतून मराठीत आणणाऱ्यांची दीडशे-पावणेदोनशे वर्षांची अडचण त्यातच दडलेली आहे.

इंग्रजीत या अर्थाच्या क्रियाविशेषणांची मोठी श्रीमंती आहे. ‘अनबेअरेबली’ हा तिच्या घरच्या धातूपासून झालेला. ‘इनटॉलरेबली’ व ‘इन्सफरेबली’ यांचे मूळ लॅटिनमध्ये. आणि ‘एक्स्क्रूशिएटिंगली’ या शब्दाच्या पोटात तर क्रूसच आहे, म्हणजे खांबावर खिळून केलेला छळ. पण ज्या शब्दात एके काळी माणूस खिळलेला होता, तोच आज इंग्रज माणूस एखादा विनोद फार हसवणारा होता एवढे सांगण्यासाठी वापरतो. क्रियाविशेषण विशेषणाच्या पुढे येऊन बसले की ते हळूहळू केवळ प्रमाण दाखवू लागते. मराठीनेही याबाबतीत फार सोवळे मिरवू नये. ‘भयंकर गोड’ आणि ‘भयानक आवडले’ म्हणणारी मंडळी आपल्याकडेही थोडीथोडकी नाहीत.

मराठीपाशी मात्र या झिजेपासून बचावलेली एक जागा आहे. व्याकरणकार जिला शक्य क्रियापद म्हणतात ती रचना म्हणजे बघवते, ऐकवते, सोसवते, बसवते. संतांच्या मराठीत ‘न बोलवे’, ‘न वर्णवे’ अशा रूपांनी ती विपुल आढळते. आजच्या बोलीत ती मुख्यतः नकारातच जगते. ‘मला बघवत नाही’, ‘तिच्याने ऐकवेना’. या रचनेचे मर्म असे की तिला माणूस लागतो. कोणाला बघवत नाही, कोणाच्याने ऐकवेना, हे शब्दात नसले तरी वाक्याच्या रचनेत गृहीत असते. ‘असह्य’ हे दुःखाचे विशेषण आहे. ‘सोसवत नाही’ ही सोसणाऱ्याची कबुली आहे. म्हणूनच ‘भयंकर’सारखी ती स्वस्त झाली नाही. मिठाई इतकी गोड की खाववत नाही असे कोणी म्हणाले, तर त्याने ताट खरोखर बाजूला सारलेले असते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी क्रियाविशेषणाशी मराठीची गाठ पडली ती कोश आणि शाळा यांच्या द्वारे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मधले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, आणि कँडीच्या साह्याने तयार झालेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये. कोशाचा धर्मच असा की शब्दापुढे शब्द मांडावा, आणि शक्य तर त्याच जातीचा मांडावा. विशेषणापुढे विशेषण सापडते. क्रियाविशेषणापुढे काय मांडावे? संस्कृतातून ‘असह्य’, ‘दुःसह’ घ्यावे आणि ‘-पणे’, ‘-रीतीने’ अशी शेपूट जोडावी, हा सोपा मार्ग होता. वस्तुतः ‘-पणे’ हा प्रत्यय जुना व घरचा आहे. दोष त्याचा नव्हे. परंतु अंगाची लाही लाही होणे, जीव कासावीस होणे, नको नकोसे होणे, ऊर फुटून रडणे, धाय मोकलणे असे जिला साधते, त्या भाषेने ‘असह्यपणे’ हा शब्द लिहावा तेव्हा ती बोलत नसते, भाषांतराचा पाठ देत असते. शाळेतील परीक्षकाला शब्दाला शब्द हवा असतो; त्या सवयीने घडलेले गद्य पुढे वृत्तपत्रांत आणि कादंबऱ्यांत उतरले.

रंगभूमीने या गद्याची कसोटी घेतली. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘अथेल्लो’ 1867 चा, आगरकरांचे ‘विकारविलसित’ 1883 चे, देवलांचे ‘झुंझारराव’ 1890 चे. आगरकरांच्या भाषांतरात विद्वत्ता आहे, आणि ती कधी कधी संवादाला जड होते. देवलांनी रूपांतराचा मार्ग धरला, आणि नटाच्या तोंडी काय बसते याची जाण त्यांना अधिक होती, असे म्हणणे भाग आहे. येथे मूळ नाटककाराकडेच पाहणे उद्बोधक ठरते. ‘अथेल्लो’च्या अखेरीस शय्येवरील प्रेते पाहून लोदोविको ते दृश्य किती भीषण आहे याचे वर्णन करीत बसत नाही, ते डोळ्यांना विषारी होते म्हणतो आणि झाकून टाकायला सांगतो. क्रियाविशेषणांचे अख्खे भांडार हाताशी असलेल्या भाषेचा सर्वश्रेष्ठ कवी त्या क्षणी क्रियाविशेषणाला हात लावीत नाही. ‘बघवत नाही, झाका ते’ हे मराठीत त्याच जागी येऊन उभे राहते.

कादंबरीत हेच काम हरिभाऊ आपट्यांनी केले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिची कथा यमूच्या तोंडची आहे. विधवेच्या दुःखाविषयी त्यापूर्वी लिहिले गेले नव्हते असे नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 चे आहे. परंतु तेथे दुःखाची हकीगत सांगितली जाते, येथे दुःख भोगणारी स्वतः बोलते. घरगुती बोलीत बोलणाऱ्या बाईला आपले दुःख कोणत्या प्रमाणात असह्य आहे हे मोजून सांगण्याची गरज पडत नाही.

मात्र शक्य क्रियापद हे सर्व रोगांवरचे औषध आहे असे समजणे चूक होईल. ‘खोली अनबेअरेबली शांत होती’ असे इंग्रजी लेखक लिहितो तेव्हा ती शांतता कोणाला जड झाली हे तो मुद्दाम सांगत नाही. मराठीत ‘खोलीत इतकी शांतता होती की बसवेना’ असे केले की तेथे एक बसणारा आला. तो पात्रांपैकी की निवेदक, हे भाषांतरकाराला ठरवावे लागते, आणि मूळ लेखकाने झाकलेले दार उघडावे लागते. अशा ठिकाणी ‘असह्य शांतता’ एवढे विशेषण ठेवून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरते. आधुनिक इंग्रजी कथेत अशी निर्मनुष्य वाक्ये पुष्कळ असतात. त्या सर्वांत माणसे बसवीत सुटणारा भाषांतरकार मूळ कथेला नको तेवढी बोलकी करून ठेवतो.

हिंदीशी मराठीचे या बाबतीत जुळते हे जबलपूरच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. घरची मराठी आणि लेखनाची हिंदी असलेले गजानन माधव मुक्तिबोध काही काळ याच शहरात होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. ‘देखा नहीं जाता’ आणि ‘बघवत नाही’ यांची जडणघडण वेगळी, एक ‘जाणे’ या धातूचा आधार घेते, दुसरी प्रत्ययाचा. पण पाहणाऱ्याची हार दोन्हींत सारखीच आहे. एका घरात दोन भाषा लिहिल्या गेल्या तरी या ठिकाणी भाषांतराची गरजच पडत नाही.

2021 मध्ये देशातील दारूगोळा व शस्त्रांचे कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले आणि खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आला. ऑक्टोबर 2024 मध्ये त्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्यू पावले, काही होरपळले. अशा वेळी अहवालाला जखमींची संख्या लागते, बातमीला एखादे विशेषण लागते. आणि रुग्णालयाच्या दारातून परत फिरणारे माणूस, मराठी असो वा हिंदी, आत जे पाहिले त्याचे वर्णन करीत नाही. आपल्याने बघवले नाही, एवढेच ते सांगते.