जांघेतला नायटा: टाकळ्यापासून ट्यूबपर्यंत

पहिला पाऊस जिरला की रंगावली नदीच्या काठानं आणि पडीक बांधांवर टाकळा माजतो. कोवळ्या पाल्याची भाजी होते. जुनी माणसं बिया राखून ठेवायची आणि आंबट ताकात वाटून नायट्यावर लावायची. नायटा हातावर असला तर ओसरीवर बसून, जांघेत असला तर न्हाणीच्या आडोशाला. वडिलांनी नवापुरात घातलेलं औषधाचं दुकान मी चालवतो. पुरुषांच्या या दुखण्यात बुरशीपेक्षा हा आडोसाच जास्त नडला, असं माझं ठाम मत आहे.

टाकळ्याच्या बीत क्रायसोफेनॉल असतं. त्याच कुळीतलं, पण कितीतरी जहाल औषध 19व्या शतकात मुंबईत मिळायचं, त्याचं नाव गोवा पावडर. विकणारे चढा भाव घेत आणि आत काय आहे ते सांगत नसत. 1864 मध्ये मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केंप यांनी तिच्याबद्दल विलायतेतल्या नियतकालिकात लिहिलं. पुढच्या दशकात ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी दाखवून दिलं, की ही तर आमच्याकडच्या अरारोबा झाडाच्या खोडातली पूड! पोर्तुगीज व्यापारातून ती गोव्यात पोहोचली होती. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ती लावत. गुण यायचा, पण कातडी भाजायची, कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे, हात डोळ्याला लागला तर डोळे सुजायचे. जांघेच्या नाजूक कातडीनं काय सोसलं असेल! तरी माणसं गुपचूप घेत राहिली, कारण वैद्यासमोर धोतर सोडण्यापेक्षा भाजून घेणं त्यांना सोपं वाटलं.

इंग्रज साहेबांनाही इथल्या दमट हवेत हीच खाज सुटे. त्यांनी दोष धोब्यावर टाकला आणि दुखण्याला त्याचंच नाव दिलं. 20व्या शतकाच्या आरंभी कास्तेलानी आणि साबूरो यांनी यामागची बुरशी दाखवून दिली, तरी ते नाव इंग्रजी पुस्तकांत टिकून आहे. कष्टकऱ्याच्या माथी मारलेल्या या दोषाचा मला राग येतो. याच सुमारास लंडनच्या आर्थर व्हिटफील्ड यांचं मलम आलं. त्यात 6 टक्के बेंझोइक आणि 3 टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. स्वस्त आणि खरं औषध. वृषणाच्या कातडीवर मात्र तेही झोंबतं.

आमच्याकडचे आदिवासी पुरुष पूर्वी लंगोटी लावत. भातलावणीत दिवसभर चिखलात राबलं तरी मांड्या उघड्या, वाऱ्यावर. आणि तेवढंसं कापड चुलीपाशी रात्रीत सुकायचं. लंगोटी ओलीच राहिली तर खाज तेव्हाही सुटायची, हेही खरं. पुढे नायलॉनच्या चड्ड्या आल्या, घट्ट जीन्स आल्या, आणि पावसाळ्यात ती जीन्स दोन दिवस वाळत नाही. दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना पालात अंघोळीपुरतं पाणी मिळत नाही, एकाच पंच्याला सगळे अंग पुसतात. ती माणसं परत येतात तेव्हा नायटा साऱ्या घराला झालेला असतो.

वडिलांच्या काळी गिऱ्हाईक नवसारीचं बी-टेक्स मागायचं. हल्लीचा तरुण दुकानात गर्दी ओसरायची वाट पाहतो आणि मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणतो, "काका, ही ट्यूब द्या." त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि मांडीच्या कातडीवर कायमचे चरे उमटतात. 2018 मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दोनच वर्षांनी जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या एका बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिलं. नेहमीच्या टर्बिनाफिनला ती अनेकदा दाद देत नाही. मी चिठ्ठीशिवाय ट्यूब देत नाही, म्हणून गिऱ्हाईक रेल्वेफाटक ओलांडून दुसरीकडे जातं. जाऊ दे.

आडोशाला उभ्या असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. तिथं जंतुनाशक द्राव ओतू नका, साबणानं घासू नका. शिश्नावरची कातडी हलक्या हातानं मागं घेऊन साध्या पाण्यानं धुवा, जांघा पुसून कोरड्या करा, मगच सुती चड्डी घाला. ती उन्हात वाळवा, पंचा प्रत्येकाचा वेगळा ठेवा. कातडीला तिथं वारंवार सूज येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. खाज थांबली म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नका, घरात आणखी कुणाला नायटा असेल तर त्यालाही डॉक्टरांकडे सोबत न्या. आणि त्यांना जागा दाखवायला लाजू नका. न बघता दिलेलं औषध घेऊच नका.