झील, एको आणि लूप

गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या एखाद्या गावी हरिनाम सप्ताह बसला, की मांडवात माइकवाल्याची धावपळ सुरू होते. बुवांचा माइक, पेटीचा, पखवाजाचा, मागे उभ्या टाळकऱ्यांचा. सगळ्या वायरी मिक्सरकडे जातात. त्या मिक्सरवर ‘एको’चे एक बटण असते. एकट्याने गात, आपलाच सूर यंत्राकडून फिरवून घेत त्यावर पुढचे गाणे रचण्याची जी ‘लाइव्ह लूपिंग’ नावाची कला आज रंगमंचावर दिसते, तिचा इतिहास या बटणाशी जोडलेला आहे.

एको आणि लूप ही एकाच विलंबाची दोन रूपे. टेपच्या काळात आवाज एका हेडवर मुद्रित होई आणि पुढच्या हेडवर वाजे. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडांत १९ सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज अर्ध्या सेकंदाने परते. तो क्षीण करत पुन्हा मुद्रित केला की विरणारा एको. क्षीण न करता फिरवत ठेवला की लूप. पॅरिसमध्ये पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये तबकडीची खाच वर्तुळात बंद करून आवाजाचे असेच आवर्तन साधले होते. तिथेच १९६३ मध्ये टेरी रायली यांच्यासाठी एका तंत्रज्ञाने दोन टेपरेकॉर्डरमधून एकच टेप ओढली आणि विलंब लांबवला. हेच रायली १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. २००१ मध्ये बॉस कंपनीचे ‘लूप स्टेशन’ आले. सारी करामत पायाने दाबायच्या पेटीत मावली.

पेटी लहान झाली तरी जोडणीचा क्रम पाळावाच लागतो. एको लूपरच्या आधी लावला, तर तो लूपमध्ये कायमचा मुरतो. नंतर लावला, तर सगळ्या थरांवर पसरतो, पण हवा तेव्हा काढता येतो. स्पीकर माइकच्या तोंडासमोर असेल, तर लूप स्वतःचाच आवाज पुन्हा टिपतो आणि थरागणिक गोंगाट वाढतो. म्हणून गायकासाठीचा स्पीकर माइकच्या पाठीकडे ठेवतात.

आपल्याकडे हे आवर्तन माणसांनी सांभाळले. कीर्तनात टाळकरी ध्रुपद उचलतात. पोवाड्यात झीलकरी शाहिराची ओळ धरून ठेवतात, तोवर शाहीर दम घेतो, पुढचा प्रसंग मनात जुळवतो. लूप पहिल्या फेरीची लय सोडत नाही. झीलकरी मात्र शाहीर थांबला की थांबतो, चढला की चढतो, चुकला की सावरून घेतो.

आज तरुण शाहिराला पेटी स्वस्त पडेल. बिदागीत तिला वाटा द्यावा लागत नाही. वापरायलाही हरकत नाही. पण मागे उभे राहून झील धरता धरताच पुढचा शाहीर घडत आला आहे. ती मागची जागा रिकामी राहिली, तर आवाज भरून निघेल. शिष्य भरून निघणार नाही.