इव्हॉन शुनार्ड : ऐरण, कडे आणि थंड लाटा

अमेरिकी गिर्यारोहक, लोहार, सर्फर आणि 'पॅटागोनिया' या वस्त्र व साहसी-साहित्य कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुनार्ड यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९३८ रोजी मेन राज्यातील लुइस्टन येथे एका फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबात झाला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियातील बरबँक येथे स्थायिक झाले. शुनार्ड कड्यांकडे वळले ते पक्ष्यांमुळे. ससाणे पाळणाऱ्यांच्या एका मंडळात ते वयाच्या १४व्या वर्षी दाखल झाले. कड्यातील घरट्यांपर्यंत पोहोचण्यासाठी दोराने उतरणे आवश्यक होते. उतरण्याचा हा छंद लवकरच चढण्याच्या वेडात रूपांतरित झाला.

त्या काळी प्रस्तरारोहणात आधारासाठी खडकाच्या फटीत लोखंडी मेखा ठोकल्या जात. युरोपातून येणाऱ्या मेखा मऊ लोखंडाच्या असत. एकदा ठोकली की ती तेथेच राही. योसेमिटी खोऱ्यातील उंच कडे चढण्यास अनेक दिवस लागत आणि तितक्या मेखा वाहून नेणे अशक्य होते. जॉन सालाथे या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या लोहाराने कठीण पोलादाच्या, काढून पुन्हा वापरता येणाऱ्या मेखा घडविल्या होत्या. त्यापासून स्फूर्ती घेऊन शुनार्ड यांनी १९५७ मध्ये जुनी कोळशाची भट्टी व ऐरण विकत घेतली आणि घरच्या परसात काम सुरू केले. एक मेख दीड डॉलरला विकली जाई. ऐरण मोटारीत टाकून ते किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत. लाटा असतील तोवर सर्फिंग, नसतील तेव्हा वाळूवर घणाचे घाव, असा क्रम असे.

लष्करी सेवेसाठी त्यांना कोरियात जावे लागले. तेथेही सोलजवळील इन्सुबाँग या ग्रॅनाइटच्या सुळक्यावर त्यांनी नवे मार्ग काढले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. १९६४ मध्ये रॉयल रॉबिन्स, टॉम फ्रॉस्ट व चक प्रॅट यांच्यासमवेत त्यांनी एल कॅपिटनची 'नॉर्थ अमेरिका वॉल' सर केली. दुसऱ्याच वर्षी त्याच कड्यावरील 'म्यूर वॉल' टी. एम. हर्बर्ट यांच्यासह पार झाली.

१९६८ मधील प्रवास मात्र त्यांच्या आयुष्यातील दोन्ही ओढी एकत्र आणणारा ठरला. डग टॉम्पकिन्स व अन्य मित्रांसह ते कॅलिफोर्नियातून एका व्हॅनमधून दक्षिणेकडे निघाले. वाटेत पॅसिफिक किनाऱ्यावर सर्फिंग, चिलीत स्कीइंग, आणि अखेरीस पॅटागोनियातील ३,४०५ मीटर उंचीचे फिट्झ रॉय. वादळांनी वाट अडवल्याने एकूण ३१ दिवस बर्फात खोदलेल्या गुहांत काढावे लागले आणि डिसेंबरमध्ये शिखर गाठता आले. १९७३ मध्ये कपड्यांच्या व्यवसायाला या प्रदेशाचे नाव मिळाले. बोधचिन्हात याच शिखररांगेची रेघ उमटली.

शुनार्ड यांच्या कारकिर्दीतील खरी कसोटी त्याआधीच येऊन गेली होती. पुन्हा वापरता येणारी मेख हा त्यांचा गौरवाचा विषय. पण तोच तिचा दोष ठरला. प्रत्येक तुकडी ती ठोकी, प्रत्येक तुकडी ती उपसून काढी. गिर्यारोहकांची संख्या वाढली तशा योसेमिटीतील नाजूक फटी रुंदावत गेल्या, खडकावर कायमचे व्रण उमटले. मऊ लोखंडाच्या जुन्या मेखेने एवढी हानी केली नव्हती. त्या वेळी व्यवसायाचा सुमारे ७० टक्के भाग मेखांवर अवलंबून होता. तरीही शुनार्ड व त्यांचे भागीदार फ्रॉस्ट यांनी त्यातून माघार घेण्याचे ठरवले आणि हाताने फटीत अडकवता व अलगद काढता येणारे ॲल्युमिनियमचे ठोकळे पुढे आणले. १९७२ च्या सूचिपत्रात डग रॉबिन्सन यांचा हातोड्याविना चढाईची बाजू मांडणारा दीर्घ लेख छापला गेला. काही महिन्यांतच मेखांची मागणी ओसरली. स्वतःच्या खपाच्या मालाविरुद्ध इतकी परिणामकारक जाहिरात दुसऱ्या कोणी केली असेल असे वाटत नाही.

समुद्राच्या बाबतीतही हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, फक्त फार उशिरा. उत्तरेकडून येणारा सागरी प्रवाह आणि वाऱ्यामुळे खोलातून वर येणारे गार पाणी यांमुळे कॅलिफोर्नियाचा मध्य व उत्तर किनारा उन्हाळ्यातही थंड असतो. अशा पाण्यात तासन्‌तास राहणे शक्य झाले ते निओप्रीन या कृत्रिम रबराच्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखामुळे. त्यातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे उष्णता रोखून धरतात. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उबेने तापतो. परंतु निओप्रीनची निर्मिती रसायनांवर व मोठ्या ऊर्जेवर चालते. निसर्गाच्या ओढीने लाटेवर जाणारा माणूस अंगावर काय घालून जातो, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही. २०१६ मध्ये 'पॅटागोनिया'ने नैसर्गिक रबरापासून बनविलेले पोशाख बाजारात आणले आणि इतर उत्पादकांनाही हे रबर वापरण्यास प्रोत्साहन दिले. कंपनीच्या लोकरीसारख्या पॉलिएस्टर जाकिटांतून धुताना सुटणाऱ्या सूक्ष्म तंतूंचा प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटणारा नाही.

या जीवनाची किंमतही त्यांनी जवळून पाहिली. १९८० मध्ये चीनमधील मिन्या कोंका शिखरावर हिमप्रपातात ते वाचले; सहकारी जोनाथन राइट यांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०१५ मध्ये चिलीतील जनरल कारेरा तलावात कयाक उलटून बर्फगार पाण्याने टॉम्पकिन्स यांचा बळी घेतला. शुनार्डही त्या सहलीत होते.

व्यवसायात चढउतार आले. चढाईसाहित्याच्या जुन्या कंपनीने १९८९ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिची मालमत्ता कर्मचाऱ्यांनी घेऊन 'ब्लॅक डायमंड' उभी केली. १९९१ मध्ये 'पॅटागोनिया'ला सुमारे १२० जणांना कामावरून कमी करावे लागले. २००२ मध्ये क्रेग मॅथ्यूज यांच्यासह त्यांनी विक्रीचा एक टक्का पर्यावरणासाठी देणाऱ्या उद्योगांची संघटना स्थापली. २००५ मध्ये त्यांचे आत्मकथनात्मक पुस्तक आले. लाटा चांगल्या असतील तर कर्मचाऱ्यांनी खुशाल समुद्रावर जावे, हे त्यातील धोरण बरेच गाजले.

सप्टेंबर २०२२ मध्ये शुनार्ड कुटुंबाने सुमारे तीन अब्ज डॉलर मूल्याच्या कंपनीची मालकी सोडली. मताधिकार असलेले दोन टक्के समभाग एका न्यासाकडे, तर उर्वरित ९८ टक्के पर्यावरणकार्य करणाऱ्या 'होल्डफास्ट कलेक्टिव्ह'कडे गेले. या रचनेमुळे मोठा कर वाचल्याची टीका झाली. दुसरीकडे, या देणगीवर कुटुंबाला करवजावट मिळाली नाही, हेही नोंदवले गेले. कंपनी नफ्यासाठीच चालते, मात्र व्यवसायात पुन्हा न गुंतवलेला नफा 'होल्डफास्ट'कडे जातो.