रंगाचे थर आणि पाठशुद्धी

जुनी पोलादी सायकल घरीच खोलून पुन्हा रंगवताना जो प्रश्न पडतो, तो साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही : मूळ कोणते आणि मागाहून चढलेले कोणते?

आमच्या कोरेगावातून जाणारा पुणे-मिरज लोहमार्ग पुढे किर्लोस्करवाडीला पोहोचतो. १९१० मध्ये वसलेल्या या उद्योगनगरीच्या मुळाशी सायकलीचे एक दुकान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांतील भेद डोळ्यांना नीट उमगत नसल्याने ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे १८८८ मध्ये बंधू रामूअण्णांच्या साथीने त्यांचे सायकलींचे दुकान बेळगावात सुरू झाले. ज्यांना रंग पारखता येईना, त्यांनी यंत्राचा सांगाडा पारखला, असे म्हणता येईल.

रंगाखाली पाहू लागले की आपल्यालाही प्रथम हा सांगाडाच भेटतो. नळ्यांची टोके कोपऱ्यांच्या खोबणीत बसवून पितळेने सांधलेली असतात आणि गंज बहुधा या सांध्यांपाशीच दबा धरून असतो. तो पॉलिश पेपरने घासून काढावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा, मग एनॅमल लावावे. हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु या घासण्यात आणखीही काही जाते : मडगार्डावर रंगाऱ्याने काढलेले मालकाचे नाव, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले यांच्या रोजच्या वाटचालीची नोंद कागदावर क्वचितच झाली. ती या खुणांतच उरली आहे.

एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्या शुद्धीकरणाचा शकही नोंदवून ठेवला. पाठ उजळताना त्यांनी आपला हात लपवला नाही. हाच दंडक सायकलीला लावावा, असे आम्हांस वाटते. गंज काढलाच पाहिजे, कारण तो पोलाद खातो. मात्र त्याआधी प्रत्येक खुणेचे छायाचित्र घ्यावे, फ्रेमवर ठोकलेला क्रमांक उतरवून ठेवावा, जेथे गंज नाही अशा जागी जुन्या रंगाचा चार बोटे पट्टा राखावा आणि नव्या रंगाचे साल सीटखाली लिहावे. उद्या ती सायकल दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर आपला हात कोठून सुरू झाला, हे तरी त्याला कळेल.